घाट आहे, पण रेल्वेचा आहे

वाचकांचे प्रश्न : सायकल

प्रश्न : मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सांगलीत विश्रामबागेत राहते, रोज पहाटे सायकलने हरिपूरला जाऊन येते. ऑगस्टअखेर तीन महिन्यांसाठी मुलीकडे पिट्सबर्गला जाते आहे. तिथून डोंगरातून, जंगलातून जाणारा मोठा सायकलमार्ग आहे आणि त्यावर एकही गाडी नसते, असं ती सांगते. गाड्या नाहीत म्हटल्यावर मोह होतो, डोंगर म्हटल्यावर पाय गळतात. मला झेपेल का? कुठून कुठवर जावं? आणि शाकाहारी माणसाच्या खाण्याचं काय?

उत्तर : ताई, झेपेल. मी मूळचा मिरजेचा, गेली बावीस वर्षं पिट्सबर्गला आहे. तुमचं पत्र वाचून बायकोला म्हटलं, हरिपूरचा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना इथे घाबरायचं कारणच नाही.

मुलगी सांगते तो मार्ग म्हणजे ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत १५० मैल, म्हणजे साधारण २४० किलोमीटर. इथे सगळे त्याला नुसतं 'गॅप' म्हणतात. रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर बारीक चुनखडीची कच दाबून तो केलाय. तिकीट नाही, परवाना नाही. मोटारी आणि मोटरसायकलींना बंदी.

तुमची भीती चढाची आहे, तेव्हा आधी चढाचं सांगतो. घाट आहे, पण रेल्वेचा आहे. कोळशाने भरलेली मालगाडी जिथून जायची तिथे चढ मुळातच बेताचा ठेवावा लागतो. आपला बोरघाट आठवा. तिथे रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. गॅपवरचा सगळ्यात कडक चढ कंबरलँडच्या बाजूने लागतो आणि तोही पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५७ला १. पिट्सबर्गच्या बाजूने तर एक टक्कासुद्धा नाही. चढतोय हे डोळ्यांना कळतच नाही. पाय थोडे जड झाले की कळतं. एक गिअर खाली घ्यायचा आणि गप्पा मारत जायचं. गप्पा मारताना धाप लागली तर वेग जास्त आहे एवढं समजायचं.

सर्वांत उंच जागा २,३९२ फुटांवर आहे, तिला ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड म्हणतात. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, तसंच हे. इथे एका अंगाला पडलेला पाऊस चेसापीकच्या उपसागराला जातो, दुसऱ्या अंगाचा मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला. कृष्णाकाठच्या माणसाने त्या जागी पाच मिनिटं थांबावंच.

आता कुठून कुठवर. पहिल्याच खेपेला अख्खा मार्ग करू नका. मुलीला सुटीच्या दिवशी गाडीने ओहायोपाइलला सोडायला सांगा. तिथून कॉन्फ्लुअन्स ११ मैल, जाऊन-येऊन ३५ किलोमीटर. शेजारून यॉकिगेनी नदी वाहते (इथले लोक तिला 'यॉक' म्हणतात), दोन्ही बाजूंना ओक, मेपल आणि हेमलॉकची दाट झाडी. ऊन अंगावर येतच नाही म्हटलं तरी चालेल. चाकाखाली कचेची एकसारखी खसखस आणि खाली नदीचा आवाज, याखेरीज काही ऐकू येत नाही. हॉर्न नाही हे लक्षात यायला मला पहिल्या वेळी अर्धा तास लागला होता. सारखी मान मागे वळत होती.

ते नीट जमलं की दुसरी खेप मायर्सडेल ते कंबरलँड, ३२ मैल. पहिले आठ मैल हलका चढ, डिव्हाइड ओलांडला की पुढचे चोवीस मैल उतारच. मात्र मायर्सडेलहून निघताना आधी उलट्या दिशेला दोनेक मैल जाऊन सॅलिसबरी व्हायाडक्ट बघून या. १,९०८ फूट लांबीचा हा जुना रेल्वेपूल कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरून जातो. मी तिथे दरवेळी सायकल कठड्याला टेकवून उभा राहतो. खाली नदी, शेतं, महामार्ग आणि अजून चालू असलेला दुसरा रेल्वेमार्ग. लांबलचक मालगाडी जाताना दिसली, तर डबे मोजताना आकडा चुकतोच.

डिव्हाइडनंतर थोड्याच अंतरावर बिग सॅव्हेज बोगदा, ३,२९४ फूट लांब. आत दिवे आहेत, पण तुमचाही दिवा लावा आणि काळा चष्मा काढून ठेवा. आत शिरण्याआधी जाकीट घाला. बाहेर घाम येत असला तरी आत गार पडतं, आणि अंगावरचा घाम तिथेच सुकला की दुसऱ्या दिवशी खांदे धरतात. पलीकडच्या तोंडाशी झाडी एकदम उघडते आणि मेरीलँडच्या डोंगररांगा एकामागे एक दिसतात. हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, हा बोगदा बंद ठेवतात. तुम्ही त्याच्या आतच परतणार आहात.

फ्रॉस्टबर्गला मुक्काम करा. गाव मार्गाच्या बरंच वर आहे, तेवढा वळणावळणाचा चढ सायकल हातात धरून चढा. त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या दिवशी कंबरलँडपर्यंतचे १६ मैल उतरताना ब्रेक सारखे धरून ठेवू नका, दाबा-सोडा करत राहा. पहिल्या वर्षी मी भाड्याने घेतलेल्या सायकलीचे ब्रेकपॅड झिजलेले होते. मी ते न बघताच निघालो आणि फ्रॉस्टबर्गच्या खाली पाय घासत थांबावं लागलं. दुकान कितीही चांगलं दिसो, निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून बघाच.

खाण्याची अडचण तेवढीशी नाही, वेळेची आहे. या गावांत पिझ्झा, पास्ता, चीज सँडविच मिळतं, पण छोट्या गावातली खाणावळ सोमवार-मंगळवारी हमखास बंद सापडते. एकदा आम्ही दोघं एक डबा केळ्यांच्या चिप्सवर वीस मैल गेलो. तेव्हापासून पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची पोळी असतेच. तुम्ही येताना भडंग आणा, सायकलवर त्यासारखं हलकं काही नाही. रात्र मात्र याच गावांत काढा, जेवाही तिथेच. खाणी आणि रेल्वे गेल्यावर या गावांना सायकलवाल्यांचा मोठा आधार झालाय.

एक महत्त्वाचं. इथल्या गवतात गोचीड असतात, अगदी तिळाएवढे, आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. गवतात बसू नका, मोजे वर ओढा, मुक्कामाला पोचल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांच्या कडेला हात फिरवून बघा. ऑक्टोबरच्या मध्याला पानं लाल-पिवळी होतात, तेव्हाच जा. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक केशरी जाकीट हवंच.

प्रश्न : आपल्या सह्याद्रीत असं काही का होत नाही? (एक वाचक, कराड)

उत्तर : मला हा प्रश्न मनापासून छळतो. लहानपणी मिरजेहून कवठेमहांकाळला मामाकडे आम्ही बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने जायचो. ती लाइन पुढे ब्रॉडगेज झाली, ते योग्यच झालं. पण अशा बदलांत जिथे जुनी वाट बाजूला पडते, तिथे ती तुकड्यातुकड्याने नाहीशी होते. कुणाचं शेत पुढे सरकतं, कुठे भराव उकरून मुरूम नेतात.

इथे वेगळं झालं. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९७५ मध्ये हा मार्ग सोडला. वेस्टर्न पेन्सिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने कनेल्सव्हिल ते कॉन्फ्लुअन्स हा पट्टा १९७८ मध्ये सलग विकत घेतला. सायकली तेव्हा नव्हत्याच, पण जमीन अखंड राहिली. पहिले साडेनऊ मैल ओहायोपाइलला १९८६ मध्ये खुले झाले आणि पिट्सबर्गपर्यंतचा शेवटचा तुकडा २०१३ मध्ये. तुमच्या भागात रेल्वेचा, कालव्याचा किंवा खाणीचा जुना भराव असेल, तर आज त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे एवढं आधी तलाठ्याकडे बघा. कच टाकायला नंतर कधीही येते, तुटलेली वाट मात्र परत जोडता येत नाही. चांदोली-कोयनेच्या जंगलात स्वतःहून सायकल घालू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याला विचारूनच जायचं.

प्रश्न : मी ओहायोत असतो. माझ्या रोड बाइकचे टायर २५ मिमीचे आहेत. दोन दिवसांत गॅप पूर्ण करायची आहे. चालेल?

उत्तर : कोरड्या दिवसात जाल, पण पावसानंतर नको. चुनखडी ओली झाली की ओल्या सिमेंटसारखी चिकटते, बारीक टायर तिच्यात रुततो आणि साखळीत कच शिरून करकर सुरू होते. ३८ ते ४० मिमीचा टायर घ्या, हवा थोडी कमी ठेवा. फ्रेममध्ये तेवढी जागा नसेल तर ३२ तरी बसवा. दोन जादा ट्यूब आणि साखळीचं तेल जवळ असू द्या, कारण डोंगरात मोबाइलची रेंज जाते आणि पुढचं गाव दहा-बारा मैलांवर असतं. मुक्कामाला पोचल्यावर बाटलीतल्या पाण्याने साखळी धुवा, पुसा, मग तेल घाला. धुतल्याशिवाय घातलं तर तेल आणि कच मिळून पॉलिश पेपरचं काम करतात.

दोन दिवसांचं मात्र मनावर घेऊ नका. रोज १२० किलोमीटर म्हणजे व्हायाडक्टवर थांबायला वेळ नाही. चार दिवस काढा : कंबरलँडहून निघून पहिला मुक्काम मायर्सडेल, दुसरा ओहायोपाइल, तिसरा वेस्ट न्यूटन. सगळा चढ पहिल्याच दिवशी संपतो.