चेहरा भट्टीत विटकरी का होतो?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): तांब्याच्या पत्र्यावर पांढऱ्या मीन्याचा (धातूवर वितळवून बसवलेल्या काचेच्या भुकटीचा) थर भाजून त्यावर आजीचं व्यक्तिचित्र रंगवते आहे. रंगवताना त्वचा हुबेहूब वाटते, पण भट्टीतून काढल्यावर गाल विटकरी आणि हनुवटीखाली जांभळट डाग दिसतात. पांढरा मिसळून उजळ केलं, तर चेहऱ्याला पावडर थापल्यासारखं दिसतं. काय चुकतं?

उत्तर: गालांचा लाल रंग लोहापासून बनलेला आहे. हा रंग आचेला फार हळवा. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास जास्त वेळ राहिला, की तो तपकिरी-जांभळट होतो. म्हणून भाजणीचा क्रम उतरता ठेवा. पांढरा थर साधारण ८२० अंशांवर, त्वचेचे पहिले थर ७८० वर आणि लाल असलेले थर शेवटी, ७५०-७६० वर. छोट्या भट्टीत दीड ते दोन मिनिटं पुरतात. पृष्ठभागावर चमक आली, की लगेच बाहेर. नुकता काढलेला तुकडा गरम असताना रंग वेगळेच दिसतात, त्यामुळे पूर्ण थंड झाल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका.

पांढरा मात्र पॅलेटवर घेऊच नका. उजेड खालच्या पांढऱ्या थरातूनच यायला हवा. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचं हाड इथे रंग इतका पातळ ठेवा, की खालचा पांढरा डोकावेल. सावळ्या किंवा गव्हाळ वर्णासाठी सुरुवात अशी करून बघा: पिवळट तपकिरी ६ भाग, लोहाचा लाल १ भाग, गडद तपकिरी १ भाग. प्रत्येक कंपनीच्या भुकटीचं वागणं वेगळं, म्हणून आधी चाचणीच्या पट्टीवर भाजून बघा आणि पट्टीच्या मागे प्रमाण लिहून ठेवा. सावलीत काळा वापरलात, तर चेहरा मळका दिसेल. त्याऐवजी त्याच मिश्रणात सुईच्या टोकाएवढा कोबाल्टचा निळा घाला. कोबाल्ट फार जोरकस असतो, चिमूटभर गेला तरी गाल निळसर होईल. हनुवटीखाली फिकट हिरवट थर आधी भाजून त्यावर तपकिरी चढवला, तर लालसरपणा दबतो.

पाच-सहा भाजण्या धरून चाला. एका थरात गडद करायचा मोह टाळा, कारण जाड थर वितळताना रेषा पसरवतो. सतराव्या शतकात झाँ पेतितो यांनी मीन्यात चेहरे रंगवले ते बारीक ठिपक्यांनी. नंबर ०००च्या कुंचल्याने ठिपके जवळजवळ मारत गेलं, तर गालावरची लाली कडेला आपोआप विरत जाते.

प्रश्न (महाल, नागपूर): गालावर मुरमांसारखे फोड आणि काळे ठिपके येतात. भुकटी चांगली घोटलेली असते.

उत्तर: भुकटी ज्या तेलात कालवता, ते पूर्ण उडालेलं नसतं. रंगवलेला पत्रा १०-१५ मिनिटं भट्टीच्या झाकणावर ठेवा. धूर थांबून ओली चमक गेली, रंग मॅट दिसला, की मगच आत. लव्हेंडर तेल जेमतेम रंग ओढता येईल इतकंच घ्या. उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर गेला, की हेच तेल पॅलेटवर भराभर वाळतं आणि कुंचला अडखळतो. तेव्हा लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घाला, पण मग धूर काढायला जास्त वेळ लागेल.

फोड घासून काढायचे असतील, तर पाण्याखाली घासा. अनेक जुन्या भुकट्यांत शिसं असतं, त्यामुळे कोरडी धूळ उडू देऊ नका, मास्क लावा आणि कुंचल्याचं टोक जिभेवर कधीच घेऊ नका.

प्रश्न (सीताबर्डी, नागपूर): भाजल्यावर पत्रा वाकतो, चेहऱ्याला तडे जातात.

उत्तर: मागच्या बाजूलाही मीन्याचा थर हवा, साधारण पुढच्याइतकाच जाड. तांबं मीन्यापेक्षा जास्त आकुंचन पावतं. एकाच बाजूला थर असेल तर पत्रा वाकणारच. छोट्या व्यक्तिचित्राला १ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, आणि भट्टीतून काढल्यावर पंख्याखाली ठेवू नका.