एलएसीपी नको, मल्टिपाथिंग कर

रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये ईएसएक्सआय होस्ट (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारा व्हीएमवेअरचा सर्व्हर) लावतोयस, तर आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून स्टोरेजची डिस्क जोडण्यासाठी) एलएसीपीच्या (अनेक केबल्स बांधून एक लिंक करण्याच्या) लागू नकोस. होस्ट-स्टोरेजमधल्या एका सेशनचा ट्रॅफिक तसाही एकाच केबलवरून जातो. दोन व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टचे स्वतःचे नेटवर्क पोर्ट) कर, प्रत्येकाला एकच अ‍ॅक्टिव्ह अपलिंक (स्विचला जोडलेलं नेटवर्क कार्ड), तीही वेगळ्या स्विचवर. मार्ग बदलायचं काम मल्टिपाथिंग (एकाच डिस्कपर्यंत अनेक मार्ग ठेवणं) करेल.

एनएफएस ३ (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची पद्धत) चं गणित वेगळं, तिथे टीमिंगच (नेटवर्क कार्डांची जोडी, एक गेलं की दुसरं). स्टोरेजचा एक कंट्रोलर पडला की आयपी दुसऱ्यावर जातो आणि तेवढा वेळ व्हीएम ताटकळतात. म्हणून गेस्टचा (व्हीएमच्या आतल्या ओएसचा) डिस्क टाइमआउट, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघायची मुदत, बघ: लिनक्समध्ये मूळचा ३० सेकंद, व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये बसवायचं सॉफ्टवेअर) तो १८० करतं. सगळेच मार्ग गेले तर होस्ट १४० सेकंद थांबतो, मग स्वतःचं आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) नाकारतो. व्हीएमचं मात्र रेटत राहतो.

लाइव्ह जाण्याआधी चालू लोडवर केबल उपटून बघ. साहेब कुरकुरतील, कुरकुरू देत.