'अमेरिकेची सीमा संपली' म्हणजे नेमकं काय संपलं?

अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका भाषांतरात 'सन १८९० मध्ये अमेरिकेची सीमा संपली' असं वाक्य आलं आणि एका वाचकाने विचारलं की देशाची सीमा संपते कशी? मूळ शब्द 'फ्रंटियर' आहे. त्याला मराठीत सीमा म्हणायचं, सरहद्द म्हणायचं की सीमाभाग, असा प्रश्न आहे.

'सीमाभाग' आधी बाजूला ठेवतो. मराठी वाचकाला तो शब्द दिसला की बेळगाव, निपाणी, कारवार आठवतं. तिथे तो शब्द इतका रुतून बसलाय की त्याला उचलून अमेरिकेतल्या केंटकीत नेणं वाचकावर अन्याय होईल.

'सीमा'ची अडचण वेगळी आहे. सीमा म्हणजे ठरलेली रेघ. तिच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. याच सीमेचा घरगुती अवतार म्हणजे 'शीव'. शिवेवर दगड असतो, झाड असतं, तंटाही असतो, पण पलीकडे दुसरं गाव असतंच. आता १८९० च्या वाक्यातला 'फ्रंटियर' पाहा. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होई. चौरस मैलाला किमान दोन माणसं राहतात तो भाग वसलेला, त्याहून कमी असतील तो न वसलेला, असा हिशेब धरून नकाशावर वस्तीची कड दाखवत. १८९० च्या जनगणनेनंतर खात्याने म्हटलं की न वसलेल्या भागात आता जागोजागी वस्त्या झाल्यात, त्यामुळे अशी सलग रेघ उरली आहे असं म्हणता येत नाही. संपली ती ही कड. देशाची सीमा जिथल्या तिथे होती.

तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या एकतीस वर्षांच्या इतिहासकाराने याच नोंदीपासून आपला निबंध सुरू केला. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणाऱ्या टर्नरचं म्हणणं असं की अमेरिकी माणसाचा स्वभाव आणि तिथली लोकशाही या सरकत्या कडेवर घडली. सतराव्या शतकात ती कड पूर्वेकडच्या नद्यांच्या धबधब्यांपाशी होती, अठराव्यात अ‍ॅलेघेनी डोंगरांपाशी, एकोणिसाव्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मिसिसिपीवर, शतकाच्या मध्यावर मिसूरीवर. युरोपातला 'फ्रंटियर' म्हणजे दाट वस्तीतून जाणारी, तटबंदी असलेली सीमा, आणि अमेरिकेतला तसा नाही, हे टर्नरनेही बजावून सांगितलंय. म्हणजे आपला वाचक अडखळला तो शब्द खुद्द इंग्रजीतही समजावून सांगावा लागला होता.

मग 'सरहद्द'? मला हा शब्द जास्त जवळचा वाटतो, आणि याला एक जुना आधारही आहे. वायव्य सरहद्द प्रांत आणि खान अब्दुल गफार खान यांचं 'सरहद्द गांधी' हे नाव, या दोन्हींत मराठीने 'फ्रंटियर'ला 'सरहद्द'च म्हटलंय. सरहद्द म्हटल्यावर नुसती रेघ दिसत नाही, एक अख्खा मुलूख दिसतो: ठाणी, डोंगर, दूरवर पोचणारा किंवा न पोचणारा सरकारी हुकूम. व्युत्पत्तीतही एक गोड योगायोग आहे. 'फ्रंटियर'च्या मुळाशी लॅटिनमधलं कपाळ आहे आणि 'सरहद्द'मधला फारसी 'सर' म्हणजे डोकं. दोन्ही भाषांना प्रदेशाची कड म्हणजे त्याचा पुढे काढलेला माथा वाटला.

पण सगळीकडे सरसकट 'सरहद्द'ही लावू नये. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढून अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वसाहतकऱ्यांनी वस्ती करू नये असं ठरवलं. ती कागदावरची रेघ होती, तिला 'हद्द' म्हणावं. हद्द आखली की ती ओलांडणारेही निघतात. १७७५ मध्ये डॅनियल बून या वाटाड्याने याच डोंगररांगेतल्या कंबरलंडच्या खिंडीतून केंटकीकडे जाणारी वाट मोकळी केली आणि तिने पुढे लोंढा गेला. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा उत्तरेकडचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे आला, तिथे मात्र 'सीमा' हाच शब्द हवा. माणसं होती तिथेच राहिली आणि देशाची सीमा त्यांच्यावरून सरकून गेली.

कुणी पश्चिमेकडच्या या विस्ताराला 'सीमोल्लंघन' म्हणायला निघाला तर मी हात धरीन. दसऱ्याला गावाची शीव ओलांडतात, आपट्याची पानं घेतात आणि संध्याकाळी घरी येतात. मोहिमेवर गेलेली फौजही पावसाळ्याच्या तोंडाशी परतायची. केंटकीत किंवा ऑरेगॉनला गाडी घेऊन गेलेलं कुटुंब मागे फिरण्यासाठी निघालेलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते टर्नरच्या आणखी एका शब्दाबद्दल, कारण 'फ्रंटियर'चा अर्थ त्याच्यावर टेकलाय. टर्नर म्हणतो, कडेच्या पलीकडे 'फ्री लँड' होती. भाषांतरात याचं 'मोकळी जमीन' होतं, कधी 'पडीक' होतं. पडीक म्हटलं की आपल्याला इस्ताव्याचा कौल आठवतो. ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सुरुवातीला सारा कमी, मग दरवर्षी थोडा चढता. १८६२ चा होमस्टेड कायदा वरवर तसाच दिसतो: १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, जमीन कसा, मग मालकी तुमची. म्हणून 'पडीक' शब्द हाताशी येतो, आणि तिथेच घात होतो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या चेरोकी या मूलनिवासी लोकांचं उदाहरण घ्या. सेक्वोया या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी १८२१ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेसाठी स्वतःची लिपी पुरी केली. सुमारे ८५ चिन्हं, आणि बहुतेक प्रत्येक चिन्ह म्हणजे 'क्', 'ख्' असा सुटा वर्ण नसून 'का', 'गी', 'तो' असं पुरं अक्षर. बाराखडी गिरवलेल्या माणसाला त्यातली गंमत लगेच कळेल. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली, १८२८ पासून न्यू एकोटा या राजधानीत चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वृत्तपत्र छापू लागले. शेतं होती, घरं होती, छापखाना होता. १८३० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मूलनिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत असा निकाल दिला, तरीही १८३८ मध्ये सैन्याने त्यांना हाकललं. वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसं मेली. या जमिनीला मराठीत 'मोकळी' किंवा 'पडीक' लिहिताना माझा हात अडतो. तो टर्नरचा शब्द आहे, म्हणून अवतरणचिन्हांत ठेवावा आणि 'टर्नरच्या मते मोकळी' असं म्हणावं. आपल्या स्वतःच्या वाक्यात 'चेरोकींचा मुलूख', 'शॉनींचा मुलूख' असं नाव घेऊन लिहावं. 'रेड इंडियन' तर आता नकोच. जमातीचं नाव माहीत असेल तर ते, नसेल तर 'मूलनिवासी'.

म्हणूनच 'शीव' हा शब्द टर्नरच्या या अर्थाला लागू पडत नाही याचं मला वाईट वाटत नाही. पलीकडे कुणीच नाही अशी कड दाखवणारा रूढ शब्द मला मराठीत सापडला नाही. केंटकीत किंवा जॉर्जियातही तशी कड नव्हतीच, पलीकडे गावं होती.

तर मूळ वाक्य मी असं करीन: '१८९० च्या जनगणनेनंतर वसाहतकऱ्यांच्या वस्तीची सरकती सरहद्द नकाशावर सलग दाखवता येईना.' 'वसाहतकऱ्यांच्या' हा शब्द लांबतो, पण तो गाळू नका. कुणाची वस्ती मोजली जात होती, हे त्याच शब्दातून कळतं. पुढे लेखात तोच उल्लेख वारंवार येणार असेल तर नुसतं 'सरहद्द' पुरेल. सरहद्दीवरचा शेतकरी, सरहद्दीवरचं ठाणं, सरहद्दीवरची शाळा, सगळं मराठीत सहज बसतं.