वाचक विचारतात : विष शिल्पात की कार्यशाळेत?

प्रश्न : शिसं, पारा, रेझिन असली विषारी द्रव्यं आधुनिक शिल्पकार मुद्दाम का वापरतात? त्यात काही अर्थ असतो, की नुसता लक्ष वेधायचा प्रकार? मी स्वतः फायबरग्लास शिकते आहे.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : काही शिल्पांत विष हाच विषय असतो. काहींत ते शिल्प घडवणाऱ्याच्या फुफ्फुसात गुपचूप जातं.

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं पाऱ्याचं कारंजं पहिल्या जातीचं. 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात, स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या दालनात, ते पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्रासमोर वाहत होतं. पारा स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणींतला आणि यादवी युद्धात प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या फौजांचा डोळा त्याच खाणींवर. म्हणून तिथं पाण्याऐवजी पारा वाहणं हे उघड राजकीय विधान होतं. लोक त्यात नाणी टाकत आणि ती चक्क तरंगत! आता ते बार्सिलोनाच्या मिरो फाउंडेशनमध्ये काचेआड आहे. काचेनं मजा गेली, अशी कुरकुर होते. मला ती काच आवडते. खाणकामगारांना पाऱ्याबद्दल जे पूर्वापार ठाऊक होतं, ते ती आता प्रेक्षकालाही सांगते.

जर्मन कलावंत अन्सेल्म कीफरनं तर कोलोन कॅथीड्रलच्या छपराचं जुनं शिसं घेतलं. त्याची शिशाची पुस्तकं सहजी उचलवत नाहीत, आणि जर्मनीचा इतिहास आठवला की ते वजन पटतं.

रेझिनचं, म्हणजे फायबरग्लासमध्ये काचतंतूंना बांधणाऱ्या द्रव प्लास्टिकचं, तसं नाही. शिल्पकार निकी द सां फालच्या ‘नाना’ नावाच्या स्त्रीमूर्ती बघा : गुबगुबीत, रंगीत, नाचऱ्या. त्या घडवताना पॉलिएस्टर रेझिनच्या वाफांनी तिची फुफ्फुसं पोखरली, हे शिल्पाकडे बघून कळतच नाही. रेझिन आणि फायबरग्लासमध्ये काम करणारी शिल्पकार ईव्हा हेस 1970 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीनं गेली. ती रेझिननंच गेली असं छातीठोक लिहिणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, ते सिद्ध झालेलं नाही. कलेसाठी हुतात्मा होण्याची ही हौस मला मुळीच मानवत नाही.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगते. पॉलिएस्टर रेझिनमधून उडणाऱ्या स्टायरीनचा उग्र-गोडसर वास थोड्या वेळानं येईनासा होतो. हवा साफ झालेली नसते, नाक सरावलेलं असतं. कापडी मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेलाच घ्या. लेटेक्सचे हातमोजे इथं कुचकामी. घासकाम ओलं करा, म्हणजे काचेची धूळ उडणार नाही. आणि कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, मोजताना डोळे पूर्ण झाकणारा चष्मा हवाच. त्याच्या थेंबानं दृष्टी जाऊ शकते.