उरलेले भ्रूण संशोधनाला दिले तर पाप लागतं का?

आयव्हीएफनंतर (म्हणजे शरीराबाहेर, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याच्या उपचारानंतर) उरलेले, गोठवलेले भ्रूण द्यावेत का, या प्रश्नाचं उत्तर आमच्या म्हापशात दारागणिक बदलतं. कॅथलिक चर्चच्या मते गर्भधारणेच्या क्षणापासून तो माणूसच. आमची आई म्हणते, "टाकूनच देणार, तर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." मी आईच्या बाजूचा. संशोधनासाठी भ्रूणातून मूळ पेशी (स्टेम सेल्स) काढतात तेव्हा भ्रूण पाच-सहा दिवसांचा, टाचणीच्या डोक्याहून बारीक ठिपका असतो. पण पेशी काढल्या की सहसा तो संपतो, हेही खरंच. २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार (आयव्हीएफसारख्या उपचारांचं नियमन करणारा कायदा) भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतो. मग नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. संमतीपत्र मात्र घरी आणून दोघांनी वाचा, काउंटरवर घाईत सही नको.