आधी दहा पानं, मग नाव

पोरी,

सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची तुझी यादी दोनदा वाचली. ४० नावं आहेत, लेखकांची नावं शुद्ध लिहिली आहेस, वाचून झालं की खूण करायला शेजारी चौकटीसुद्धा आखल्यास. यातली किती पुस्तकं कधी उघडून बघितलीस, असं विचारलं तर म्हणालीस, तीन. बाकीची ३७ कुणीतरी कुठंतरी ‘वाचायलाच हवीत’ म्हणून सांगितलेली.

‘काका, आधी कुठलं घेऊ?’ याचं उत्तर मी देणार नाही. ते दिलं तर ४१ वं नाव माझं होईल.

आधी हिशेब करू. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला त्याशिवाय पुढं सरकता येत नाही. परीक्षा संपल्यापासून कॉलेज उघडेपर्यंतचे दिवस घे. त्यातून मावसबहिणीचं लग्न, गावची जत्रा, कुरडया-पापड आणि लाइट गेल्यामुळं वाया जाणाऱ्या दुपारी काढ. ४५ दिवस उरले धर. रोज दोन तास, तासाला २५ पानं. २,२५० पानं झाली. अडीचशे पानांचं एक पुस्तक म्हटलं तर नऊ होतात. तेही तू नेमानं बसलीस तर. उरलेली ३१ पुस्तकं जूनमध्ये त्या रिकाम्या चौकटींतून तुझ्याकडं बघत बसणार, आणि तू म्हणणार, मला वाचन जमत नाही. जमतं. यादी जमलेली नाही.

माझा नियम एकच आहे. दहा पानं वाचल्याशिवाय पुस्तकाचं नाव यादीत घालायचं नाही. सुरुवातीची पाच, आणि मधे कुठंही उघडून पाच. रॅकपाशी, उभ्यानं. मलपृष्ठ धरायचं नाही, ते पुस्तक खपावं म्हणून लिहिलेलं असतं. मंडईत भेंडी घेतानासुद्धा तू शेंडा मोडून बघतेस, मग जे तुझे चार-पाच दिवस खाणार आहे ते नुसत्या नावावर कसं घेतेस?

तुझ्याच यादीतलं बघ. ‘ययाति’ तिसरी आहे आणि ‘फकिरा’ नाहीच. ‘ययाति’ का आहे ते मला माहीत आहे. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, तेव्हापासून यादी कुणीही केली तरी ती आत असतेच. पण दोन्ही कादंबऱ्या १९५९ च्या. खांडेकर जन्मले सांगलीत, अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात. जिल्हा एक, वर्ष एक, आणि वाचायला लागलीस की दोन वेगळी जगं. खांडेकरांचा ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कैफियत स्वतः सांगतात, सावकाश, उपमांनी सजवून, मनाचा कोपरान्‌कोपरा दाखवत. अण्णा भाऊंना तेवढी उसंत नाही. तिथं दुष्काळ पडलाय, माणसं उपाशी आहेत आणि गोष्ट धावतेय. दोन्हींची दहा-दहा पानं वाच. आपलं कुठलं ते पाचव्या-सहाव्या पानाला कळतं. दोन्ही आवडली तर दोन्ही लिही. एकही नाही आवडली तर दोन्ही सोड, खांडेकर रागावणार नाहीत. मला स्वतःला ते चाळिशीनंतर झेपेनासे झाले. पण ते माझं, तू माझ्या मतावर जाऊ नकोस. दहा पानं वाच.

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणशील. आहेच. मी माण तालुक्यातला. आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. किल्लीवाले गुरुजी आपल्या मनानं एक पुस्तक काढून हातात ठेवायचे. बदलून मागायची टाप नव्हती. आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यात माडगुळं, तिथल्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपानं आली १९५५ साली. धनगरांच्या वस्तीवर गेलेला कोवळा मास्तर, मेंढरं, पाऊस न पडणं, वस्ती ओस पडणं. म्हणजे आमचंच सगळं. ती मला भेटली नोकरी लागून पोरंबाळं झाल्यावर, दुसऱ्याच कुणीतरी टेबलावर ठेवलेली. उभ्यानंच वाचायला लागलो. आनंद नंतर झाला, आधी राग आला. हे माझं होतं आणि मला कुणी दाखवलं नव्हतं. त्या कपाटात ती होती की नव्हती हेही मला कधी कळणार नाही, कारण आत बघूच दिलं नाही.

तेव्हापासून मी कुणी सुचवलेलं पुस्तक न चाळता घेत नाही. आमच्या ऑफिसात याची चेष्टा व्हायची. मोठमोठ्या रशियन कादंबऱ्या मी वाचलेल्या नाहीत, हे खरं आहे. भाषांतरं उघडली, दहा पानांत भाषा ठेचकाळत होती, ठेवून दिली. ‘वाचलंय, वाचलंय’ म्हणणारे आमच्याकडं पुष्कळ होते. त्यांना पुढचा प्रश्न विचारला की चहा मागवायचे. मला ‘नाही वाचलं’ म्हणताना काही वाटत नाही, आणि जे वाचलं त्यावर तुझ्याशी तासभर भांडू शकतो.

असो. आता कामाचं. पुष्कळ वाचनालयांत देवघेवीच्या खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते, आत सोडत नाहीत. तू आत जायला माग. एकदा नाही म्हणतील, दुसऱ्यांदा माग. ग्रंथपाल ऐकत नसतील तर कार्यकारिणीतलं कुणीतरी गाठ. लाजलीस तर पुन्हा माझ्याच जागी येशील, कुलपाबाहेर.

एक दिवस भिलारला जा. वाईवरून पसरणीचा घाट चढायचा, पाचगणीच्या पुढं गाव लागतं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली, एकीकडं कादंबऱ्या, दुसरीकडं कविता, तिसरीकडं इतिहास. तिथंच बसून वाचायचं, म्हणजे तुझ्या कामाला अगदी योग्य. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघ, मे महिन्यात पाचगणीची गर्दी नको. आणि फोटो काढत फिरू नकोस, फोटोत पानं वाचता येत नाहीत.

कोरेगावाकडं तुमच्या गावात वाचनालय नाही म्हणतेस, तर फोनवर पुस्तकाची सुरुवातीची पानं मिळतात ती वाच. मला आवडत नाही, पण चालेल. लेखक कोण ते कळत नसेल तर मराठी विश्वकोश उघड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केला, पहिला खंड १९७६ ला निघाला, आता फोनवर फुकट आहे. फक्त नोंद वाचली म्हणजे पुस्तक चाळलं असं समजू नकोस.

यादीतली काही पुस्तकं तुला मिळणारच नाहीत हेही आत्ताच सांगतो. जुन्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघत नाही, आणि असलेल्या प्रतीही जातात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. नाव यादीत राहतं, प्रत राहत नाही. म्हणूनही म्हणतो, आधी प्रत शोध, दहा पानं वाच, मग लिही.

नऊ ओळींचा कागद कर आणि सध्या कोरा ठेव. ते ४० वालं पान फाडू नकोस, रॅकपाशी काय शोधायचं ते आठवायला उपयोगी पडेल. पण त्या चौकटी खोड.

मी या उन्हाळ्यात काय वाचणार असं विचारलं होतंस. ठरलेलं नाही, शनिवारी रॅकपाशी गेलो की ठरेल. तूही ये, पण दहाच्या आत. नंतर स्पर्धा परीक्षेची मुलं सगळ्या खुर्च्या धरतात, आणि वाचायचं उभ्यानं असलं तरी पिशवी ठेवायला एक खुर्ची लागतेच.

तुझा,
काका