गच्चीवर आणि कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये भाजी लावून घरच्या जेवणात खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की धुळ्यासारख्या शहरात, जिथं नळाला पाणीच चार-चार दिवसांनी येतं, तिथं गच्चीवर नाहीतर कॉलनीच्या ओपन स्पेसवर भाजी लावून काही फरक पडतो का, आणि आठ-दहा घरं मिळून करायचं तर सुरुवात कुठून करायची. भाऊ, मी धुळ्यातच देवपूरला राहते, सहा वर्षं झाली करतेय, पहिली तीन एकटीने गच्चीवर आणि नंतरची तीन कॉलनीतल्या नऊ घरांसोबत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फरक पडतो, पण आधी हिशोब करून घ्या म्हणजे नंतर हिरमोड होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाजी-फळं खावीत. घरात पाच माणसं धरली तर दिवसाला दोन किलो, वर्षाला सातशे किलोच्या वर. एवढं काही गच्चीवर निघत नाही, आणि निघावं असा हट्टही धरू नका. आमच्या चार बाय दहा फुटांच्या एका वाफ्यात मेथी टाकली की महिन्याभरात साधारण पंधरा-सोळा जुड्या निघतात. म्हणजे पालेभाजी, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गिलकी (घोसाळी), दोडकी एवढं शहरात पिकवा, कारण हे तोडल्यावर लवकर सुकायला लागतं आणि उन्हाळ्यात मंडईत येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. कांदा, बटाटा, दादर (आपली ज्वारी), डाळी, वांगी हे शेतकऱ्याचंच काम आहे, ते त्याच्याकडूनच घ्या, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता कॉलनीचं. पहिल्या वर्षी आम्ही चूक केली ती तुम्ही करू नका. ओपन स्पेसमध्ये नऊ वाफे पाडले आणि एकेका घराला एकेक दिला, ज्याला जे वाटेल ते लावा. एकीने मांडव करून गिलकी चढवली तर शेजारच्या मेथीवर दिवसभर सावली, एक जण दिवसातून दोनदा पाणी घालायचा तर दुसरी लग्नाला आठ दिवस गावाला गेली आणि तिचा वाफा करपला, टाकी कोणी रिकामी केली यावरून बायका-बायकांत बोलणं बंद झालं, आणि एप्रिल संपता संपता सगळं वाळून गेलं. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा, कारण मीच सगळ्यांना गोळा केलं होतं.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. तिकडे फड पद्धत आहे, निदान तीनशे वर्षं जुनी, आता पुष्कळ ठिकाणी मोडली पण आमच्या आजोबांच्या तोंडून लहानपणी रोज ऐकलेली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचं नाही, त्यासाठी पाटकरी नेमलेला असतो, तोच सगळ्यांच्या शेताला पाणी भरतो आणि त्याला पिकातला वाटा मिळतो. पावसाने ओढ दिली तर एखादा फड त्या वर्षी कोरडाच सोडायचा, पण तो सगळ्यांनी मिळून सोडायचा, कुणा एकट्याचं नुकसान नाही, कारण बहुतेकांची जमीन एकापेक्षा जास्त फडात असते. धाकटा भाऊ म्हणाला ताई, तुम्ही कॉलनीत फडच का नाही करत? आणि तिथून गाडी रुळावर आली.

दुसऱ्या वर्षी आम्ही नऊ वाफ्यांचे तीन फड केले, पालेभाजीचा, फळभाजीचा आणि वेलांचा (वेल उत्तरेच्या कंपाउंडला, म्हणजे सावली दुसऱ्यांवर पडत नाही). वाफा कुणाचाच नाही, फड सगळ्यांचा. कॉलनीतले एक रिटायर झालेले काका पाटकरी झाले, पाणी फक्त तेच देतात, आणि तोडणीच्या दिवशी त्यांना दोन वाटे. दोनशे लिटरचे चार निळे ड्रम आहेत, प्रत्येकावर काकांनी लाल ऑइलपेंटने एक पट्टा ओढलाय, पाणी पट्ट्याच्या खाली गेलं की वेलांना आणि फळभाजीला त्या दिवशी थांबवायचं, उरलेलं फक्त पालेभाजीला. तोडणी बुधवारी आणि रविवारी सकाळी सहाला, वाट्यांइतके ढीग लावायचे आणि ज्याला जो ढीग येईल तो. भांडण एकदाही झालं नाही असं नाही म्हणणार, पण बाग गेल्या दोन उन्हाळ्यांत एकदाही वाळली नाही. म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हे की कुंड्या आणि बी आणायच्या आधी एका संध्याकाळी सगळे बसा आणि पाणी कोण देणार, वाटा कसा पडणार आणि पाणी कमी पडलं तर आधी काय सोडायचं हे तीन प्रश्न वहीत लिहून काढा. आणि ओपन स्पेसची जागा बहुतेक महापालिकेकडे असते, तेव्हा परवानगी लेखी घ्या, तोंडी नको.

गच्चीवर करणार असाल तर वजनाचं बघा, हे कुणी सांगत नाही. घराची वापरातली गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो जादा वजन धरून डिझाइन केलेली असते. ओल्या मातीचा एक फुटाचा थर दिला तर तोच पाचशे किलोच्या आसपास जातो. त्यामुळे माती थोडी, बाकी हलकं भरणा साहित्य, आणि जड कुंड्या भिंतीच्या नाहीतर बीमच्या रेषेवर ठेवायच्या, मधोमध नाही. भरायला आपल्याकडे काय कमी आहे का, रसवंतीवाला उसाची चिपाडं फुकट देतो, केळीचा घड उतरवल्यावर उरलेला खांब कापून तळाला टाकला तर पाणी धरून ठेवतो आणि कुजल्यावर पालाश, म्हणजे पोटॅशही देतो. घरचा ओला कचरा एक भाग आणि वाळला पाला दोन भाग असा थर देत गेलं की दोन-तीन महिन्यांत खत होतं, फक्त आपल्या हवेत ढीग पटकन कोरडा पडतो म्हणून अधूनमधून पाणी शिंपडत राहा, नाहीतर तो कुजतच नाही. कूलरमधलं जुनं गवत नीट धुवून वाफ्यावर अंथरलं की मे महिन्यात माती थंड राहते, हे माझं आवडतं काम आहे, दरवर्षी कॉलनीतली सगळ्यांची गवतं मी गोळा करते. कूलरच्या टाकीचं आणि आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नका, क्षार साचतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समजायचं.

मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की मेथी, पालक, कोथिंबीर यांचा नाद सोडा. पोकळा, तांदुळजा, चिवळ, अंबाडी, गवार, चवळी, भेंडी हे आपल्या उन्हाचे आहेत, वर ५० टक्के सावलीची हिरवी नेट नाहीतर जुनी सुती साडी बांधली की तरतात. सासूबाई म्हणतात पानी शे ते समदं शे (पाणी आहे तर सगळं आहे), पण मी बघितलंय की सावली असली तर पाणी निम्मंच लागतं. चिवळ तर न लावता उगवते, तिची डाळ घातलेली भाजी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, आमच्या कॉलनीतल्या पुण्याहून आलेल्या दोन घरांनी ती पहिल्यांदा इथंच खाल्ली.

एक गोष्ट मनापासून सांगते. शहराजवळ नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकवली जाते, दिसायला ती अगदी हिरवीगार असते. त्या पाण्यातून जंतू आणि जंतांची अंडी पानावर येतात, आणि कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर जड धातू, जे धुऊन जात नाहीत. लहान मुलांना आणि गरोदर बायांना आपण पालेभाजी आवर्जून देतो, त्यांच्याच पोटात ते जातं. मी बाग लावली ती मुळात ह्याच कारणाने, माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि तिचं पोट सारखं बिघडायचं. ते भाजीनेच होतं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून मी प्रत्येक भाजीवालीला विचारते की मावशी, हे कुठल्या पाण्यावरचं? विचारलं की त्या खरं सांगतात.

आणि हेच शेतकऱ्याशी जोडून घेण्याचं. २०१६ पासून महाराष्ट्रात भाजी आणि फळं बाजार समितीच्या बाहेर थेट विकायला मोकळीक आहे, म्हणजे तुमची कॉलनी एखाद्या शेतकऱ्याला म्हणू शकते की दर रविवारी इतकी वांगी, इतके टोमॅटो आमच्या गेटवर आणा. आम्ही तालुक्यातल्याच दोन शेतकरी घरांशी ठरवलंय, भाव हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून घेतो, मंडईत भाव पडला तरी आम्ही ठरलेलाच देतो, आणि चढला तरी ते आम्हाला ठरल्या भावानेच देतात. वर्षाची दादर, गहू, तूर आपल्याकडे आधीपासून थेट गावाहून येतेच, लाल मिरची नंदुरबारची, ती सवय फक्त भाजीपर्यंत वाढवायची आहे. नऊ घरांची मागणी एकत्र झाली म्हणून त्यांना गाडीभाडं परवडतं, एकट्या घरासाठी कोण येणार?

सुरुवात मृगाच्या आधी करा, आठ दिवस माती तयार करण्यात जातील, मग पहिल्या पावसावर गिलकी आणि दोडकी टोचा. बी दरवर्षी विकत आणू नका, एखादं चांगलं गिलकं वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आतून खुळखुळ वाजतं, शेंडा कापून उलटं केलं की काळं बी हातात पडतं आणि वरची साल काढली की आतली जाळी आंघोळीला घासायला होते. माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला तसली तीन लटकलीत, आणि पोकळ्याचं बी डब्यात आहे. देवपूरकडे आलात तर मूठभर घेऊन जा.